घरामागच्या ठिबकाचा खरा खर्च



गेल्या हंगामाच्या सणाला मी एका शहरातील मंडळीत आपल्या कामाची माहिती देण्यासाठी गेलो होतो. उपासना संपल्यावर चहाच्या वेळी मंडळीतील एक वडील जवळ आले. हातात आपले वार्तापत्र होते. ते म्हणाले, "दादा, रागावू नका, पण एक विचारतो. तुम्ही एका घराच्या परसबागेच्या ठिबकासाठी २,४०० रुपये लिहिले आहेत. माझ्या नातवाने मोबाईलवर दाखवले, पन्नास झाडांचे किट सहाशे रुपयांना घरपोच मिळते. मग बाकीचे पैसे कशाचे?"

मला राग आला नाही. उलट बरे वाटले. जो दान देतो त्याने हिशोब विचारलाच पाहिजे. लूकच्या १४व्या अध्यायात प्रभूने बुरूज बांधणाऱ्या माणसाचा दाखला दिला आहे. तो आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहते आणि पाहणारे हसतात. खरे सांगायचे तर ठिबकाच्या बाबतीत आम्ही एकदा असा अर्धवट बुरूज बांधला आहे. त्याचीही कबुली या लेखात देतो. त्या वडिलांना मी उभ्या-उभ्या थोडक्यात उत्तर दिले होते. इथे ते सविस्तर लिहीत आहे.

ठिबक म्हणजे काय, आणि किती पाणी

ठिबकाचे तत्त्व अगदी साधे आहे. पाणी सगळ्या वाफ्यात सोडायचे नाही, झाडाच्या मुळाशी थेंबथेंब द्यायचे. दोन ओळींमधली माती कोरडी राहते, म्हणून तण कमी उगवते आणि उन्हाने उडून जाणारे पाणी वाचते. इस्राएलमधील सिम्खा ब्लास या पाणी अभियंत्याने ही पद्धत विकसित केली आणि १९६५ साली हात्सेरिम या किबुत्झमध्ये तिचे साहित्य बनवणारी कंपनी स्थापन झाली. आपल्या महाराष्ट्रात जळगावमुळे ठिबक घराघरांत माहीत झाले. मोठ्या शेतासाठी असलेली ही पद्धत गरिबाच्या परसात आणण्याचा विचारही जुना आहे. अमेरिकेतील रिचर्ड चॅपिन या विश्वासू गृहस्थांनी फक्त एका बादलीवर चालणारे किट तयार करून आफ्रिकेतील गरीब कुटुंबांपर्यंत पोहोचवले. पॉल पोलाक यांच्या संस्थेने नेपाळ आणि भारतातील लहान शेतकऱ्यांसाठी स्वस्त ठिबक आणले. म्हणजे आम्ही काही नवे शोधलेले नाही.

सातपुड्यातील आमच्या धडगाव भागात घरे दाटीने नसतात. डोंगराच्या उतारावर प्रत्येकाचे घर आपापल्या शेतात असते, शेजारचे घर हाकेच्या अंतरावर. घरामागे थोडी जागा सगळ्यांकडे असते. पावसाळ्यात तिथे काकडी, दोडका, भेंडी, वाल भरपूर येतात. दिवाळीनंतर ओल संपते आणि वेल वाळतात. मग होळीच्या पुढे ताटात भाकरी, डाळ आणि मिरचीची चटणी एवढेच उरते. आमच्या वसतिगृहातील मुले सुट्टीनंतर घरून परत येतात तेव्हा काहींच्या डोळ्यांच्या पापण्या आतून पांढुरक्या दिसतात. परसबागेचा विचार तिथून सुरू झाला. वांगी, टोमॅटो, मिरची, पालक, शेवगा ही झाडे हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात जगली, तर पोराबाळांच्या पोटात काहीतरी हिरवे जाईल.

आमचा अर्धवट बुरूज

सुरुवातीला आम्हीही त्या वडिलांच्या नातवाप्रमाणेच विचार केला होता. स्वस्त किट घेतली, १८ घरांना वाटली, फोटो काढले आणि ते या वार्तापत्रात छापले. पुढच्या उन्हाळ्यात मी पाड्यांवर फिरलो तेव्हा ७ घरी ठिबक चालू होते. दोन-तीन ठिकाणी काळ्या नळ्या अंगणात बांधून त्यावर कपडे वाळत घातले होते. ते पाहून मान खाली गेली. ते पैसे तुम्ही प्रार्थनापूर्वक दिले होते.

एका आजीच्या घरी बसलो. त्यांचा ड्रम कोरडा होता. मी विचारले, "आजी, नळी खराब झाली का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "नळी चांगली आहे, सर. पण नळी पाणी आणत नाही ना. पाणी मीच आणते." त्यांची विहीर खाली नाल्यात होती. जाऊन यायला तासभर लागत होता.

तेव्हा ठरवले की यापुढे कोणाला ठिबक द्यायचे तर आधी ते आपल्या स्वतःच्या घरी बसवायचे, एक हिवाळा आणि एक उन्हाळा चालवायचे आणि प्रत्येक पावती जपून ठेवायची. मी आणि माझ्या पत्नीने आमच्या क्वार्टरमागे २० फूट लांब आणि १५ फूट रुंद जागेत ५ ओळी आखल्या. प्रत्येक ओळीत दोन-दोन फुटांवर १० झाडे. एकूण ५० झाडे झाली, वांगी, मिरची आणि टोमॅटोची.

पावत्यांचा हिशोब

आमच्या घरच्या ठिबकाला लागलेला खर्च असा:

२०० लिटरचा जुना निळा प्लास्टिक ड्रम, झाकणासह – ९०० रुपये
टाकीचे निप्पल आणि बॉल व्हॉल्व्ह – १८० रुपये
जाळीचा लहान फिल्टर – ३५० रुपये
मुख्य नळी, ५ मीटर – २०० रुपये
१६ मिलिमीटरची लॅटरल, ३५ मीटर, ९ रुपये दराने – ३१५ रुपये
ड्रिपर, ५५ नग, ३ रुपये दराने – १६५ रुपये
ग्रोमेट, टेक-ऑफ, जोडणीचे तुकडे, शेवटची टोपणे – १०० रुपये
नळीला भोक पाडायचे पंच – ६० रुपये
तालुक्याच्या बाजारातून घरापर्यंत वाहतूक – २५० रुपये
एकूण – २,५२० रुपये

हे आमच्या बाजारातले भाव आहेत. तुमच्याकडे थोडे कमी-जास्त असतील. पण या यादीत एक गोष्ट नीट पाहा. ज्याला आपण ठिबक म्हणतो, म्हणजे लॅटरल, ड्रिपर आणि जोडणीचे तुकडे, त्याचे मिळून फक्त ५८० रुपये होतात. सहाशे रुपयांच्या किटमध्ये नेमके एवढेच असते. पाणी साठवायचा ड्रम, पाणी गाळायचा फिल्टर आणि ते घरापर्यंत आणायचे भाडे हा मोठा खर्च बाहेरच राहतो. नळी स्वस्त आहे. महाग आहे ते तिच्या आधीचे सगळे.

फिल्टरमध्ये काटकसर करावी असे दुकानदारही सुचवतात. "एवढ्याशा बागेला फिल्टर कशाला, कापड बांधा." आमच्या पहिल्या १८ किटमध्ये फिल्टर नव्हता. झऱ्याच्या पाण्यात बारीक गाळ असतो, डोळ्याला दिसत नाही. ड्रिपरची वाट टाचणीच्या टोकाएवढी असते. महिनाभरात निम्म्या झाडांना पाणी मिळेनासे झाले आणि घरच्यांना वाटले की वस्तूच खोटी आहे. कापड बांधावेच, पण ते ड्रमच्या तोंडावर. फिल्टरच्या जागी नाही.

महाग घेतलेले ड्रिपर

आमची दुसरी चूक दाबाची होती. ती समजायला मला वेळ लागला, म्हणून थोडे समजावून सांगतो.

ड्रिपरच्या पाकिटावर ताशी ४ लिटर असे लिहिलेले असते. तो आकडा पंपाच्या दाबाचा आहे, म्हणजे साधारण दहा मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याचा. आपला ड्रम तीन फुटांच्या ओट्यावर असतो, म्हणजे जेमतेम एक मीटर. दाब दहापट कमी झाला की पाणी मात्र दहापट कमी होत नाही, साधारण तीनपट कमी होते. म्हणून त्याच ड्रिपरमधून आपल्याकडे तासाला सव्वा लिटरच्या आसपास पाणी पडते. ड्रम भरलेला असताना थोडे जास्त, संपत आला की थोडे कमी. पन्नास झाडांना दोन तास नळ उघडा ठेवला की सुमारे १२५ लिटर जाते, म्हणजे प्रत्येक झाडाला अडीच लिटर. परसबागेला ते पुरते.

पहिल्या वेळी दुकानातून आम्ही जास्त किमतीचे 'पीसी' ड्रिपर घेतले होते. महाग म्हणजे चांगले, असे वाटले. ते ड्रिपर चांगलेच असतात, पण उंचसखल शेतात पंपाच्या दाबावर चालण्यासाठी बनवलेले असतात. ड्रमच्या कमी दाबावर ते नीट उघडतच नाहीत. आपल्याला हवे ते तीन रुपयांचे साधे, उघडून धुता येणारे बटण ड्रिपर. नळीच्या आतच बसवलेले 'इनलाईन' ड्रिपरही येतात. ते बसवायला सोपे आहेत, पण तुंबले तर उघडता येत नाहीत. गाळाच्या पाण्यासाठी बाहेरचे बटणच बरे.

एक रात्र

दाब वाढावा म्हणून मी ड्रम चार फुटांवर ठेवला होता. खाली विटांचे दोन खांब, वर लाकडी फळी. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो वजन, हे माहीत असूनही लक्षात घेतले नाही. एका रात्री मोठा आवाज झाला. बाहेर येऊन पाहिले तर फळी मोडून ड्रम कोसळला होता आणि दोन ओळी त्याखाली चिरडल्या होत्या. त्याच जागी संध्याकाळी वसतिगृहाची लहान मुले खेळत होती. प्रभूने राखले, एवढेच म्हणतो.

त्यानंतर आमचा नियम झाला. ओटा दगड-मातीचा, भरीव, आणि तीन फुटांपेक्षा उंच नाही. उतारावर घर असेल तर ओटा बांधायचीही गरज नसते. ड्रम वरच्या बांधावर सपाट जागा करून ठेवायचा आणि बाग खालच्या पट्टीत करायची. सातपुड्याच्या उताराने आम्हाला इतका त्रास दिला आहे, इथे मात्र तो फुकट दाब देतो.

ड्रमविषयी आणखी दोन गोष्टी. जुना ड्रम घेताना त्यात आधी काय होते ते विचारावे. औषध किंवा रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी घेऊ नये. आणि झाकण हवेच. उजेड गेला की शेवाळ धरते आणि ते ड्रिपरमध्ये अडकते. उघड्या पाण्यात डास होतात. आठवड्यातून एकदा ड्रम पूर्ण रिकामा करून आतून घासावा, त्याच वेळी लॅटरलची टोपणे काढून नळीतला गाळ वाहू द्यावा. अर्ध्या तासाचे काम आहे.

पावतीवर न येणारा खर्च

आता आजींच्या बोलण्याकडे परत येतो, कारण सगळ्यात मोठा खर्च तोच आहे.

ठिबक लावण्याआधी आम्ही याच बागेला बादलीने पाणी घालत होतो. मी मोजले होते, १५ लिटरच्या १६ बादल्या लागत, म्हणजे २४० लिटर. ठिबकावर १२५ लिटरमध्ये भागते. जवळजवळ निम्मे पाणी वाचले. ही बचत खरी आहे. पण उरलेले १२५ लिटर कोणीतरी आणलेच पाहिजे.

एक हंडा साधारण १२ लिटरचा धरला तर दहा हंडे होतात. बाई एका खेपेला एक डोक्यावर आणि एक कमरेवर असे दोन हंडे आणते. म्हणजे पाच खेपा. हातपंप जवळ असेल आणि जाऊन-येऊन दहा मिनिटे लागत असतील, तर पन्नास मिनिटे. घरातील दोघांनी वाटून घेतले तर जमते. पण पाणी तासाच्या वाटेवर असेल तर पाच खेपांना पाच तास. हिवाळ्यात एक दिवसाआड, एप्रिल-मे महिन्यात रोज. स्वयंपाकाचे आणि पिण्याचे पाणी वेगळेच. हे काम त्या घरात कोण करणार? बाई, नाहीतर शाळेतून घरी ठेवलेली मुलगी. मुलांना भाजी मिळावी म्हणून दिलेल्या वस्तूने मुलीची शाळा सुटली, तर ते दान कसले?

म्हणून आता आम्ही किट देण्याआधी घड्याळ लावून पाण्यापर्यंत चालत जातो. त्यावरून तीन प्रकार केले आहेत.

पहिला, पाणी जवळ असलेली घरे. रिकामा हंडा घेऊन जाणे आणि भरून परत येणे पंधरा मिनिटांच्या आत होत असेल, तर ड्रमचे ठिबक देतो.

दुसरा, घरापेक्षा उंचावर झरा असलेली घरे. इथे हंड्याची गरजच नाही, पाणी नळीने आपोआप उतरते. चार घरांसाठी २०० मीटर काळी नळी ३५ रुपये दराने घेतली तर ७,००० रुपये होतात, म्हणजे घरटी १,७५० रुपये जास्त. हा खर्च जास्त दिसतो, पण अशा घरांचे ठिबक सगळ्यात चांगले चालते. मात्र झरा सगळ्या पाड्याचा असतो. आधी पाड्याची बैठक घेऊन सर्वांची संमती घ्यावी लागते, आणि जनावरांच्या व पिण्याच्या पाण्याला हात लावायचा नाही हे ठरवावे लागते.

तिसरा, पाणी दूर असलेली घरे. इथे आम्ही ठिबक देत नाही. हे सांगताना वाईट वाटते, कारण खरी गरज त्यांनाच असते. अशा घरी मडक्याचे सिंचन करतो. न भाजलेले नव्हे, चांगले भाजलेले पण बाहेरून रंग किंवा चकाकी न दिलेले साधे मातीचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचे, पाण्याने भरायचे, वर झाकण ठेवायचे. पाणी मडक्यातून हळूहळू पाझरते आणि भोवतीची तीन-चार झाडे ते ओढून घेतात. चीनमध्ये ही पद्धत दोन हजार वर्षांपूर्वीही माहीत होती. दुधी, भोपळा, कारली यांचे वेल मडक्याभोवती छान येतात. चार मडकी दोन-तीन दिवसांनी भरली तरी चालते. भांडी घासलेले आणि अंघोळीचे पाणी केळी, पपई, शेवग्याच्या आळ्यात सोडायला सांगतो. ते ठिबकात मात्र कधीही घालू नये. साबण आणि तेलकटपणाने ड्रिपर लगेच बंद होतात.

आमच्या त्या आजींच्या घरी आता चार मडकी आहेत. ड्रम त्यांनी परत दिला नाही. त्यात त्या भात ठेवतात. आम्हीही मागितला नाही.

सरकारी अनुदान मिळत नाही का?

हा प्रश्नही पुष्कळ जण विचारतात. अनुदान आहे आणि चांगले आहे, पण ते शेतासाठी. केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान मिळते. महाराष्ट्र शासन मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून त्यात भर घालते, ती धरून अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जाते. आदिवासी शेतकऱ्यांसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना आहे. तिच्यात विहीर, पंप, सूक्ष्म सिंचन यांना मदत मिळते.

एका एकराच्या ठिबकाला भाजीपाल्यासाठी चाळीस-पन्नास हजार रुपये सहज लागतात, म्हणून अनुदान फार मोलाचे आहे. त्यासाठी सातबारा, आठ-अ, आधारला जोडलेले बँक खाते, जातीचा दाखला लागतो, आणि अलीकडे शेतकरी ओळख क्रमांकही. अर्ज महाडीबीटीवर करायचा. आधी पूर्वसंमती, मग खरेदी, मग तपासणी आणि त्यानंतर खात्यात पैसे, असा क्रम आहे. पूर्वसंमतीच्या आधी साहित्य घेतले तर अनुदान अडकते. आमच्याकडे अडचण अशी की सातबारा आजोबांच्या नावावर असतो, वारस लावलेले नसतात आणि पहिले पैसे शेतकऱ्याला स्वतः भरावे लागतात. म्हणून आमचे कार्यकर्ते ज्यांच्याकडे शेतात विहीर आहे त्यांची कागदपत्रे पूर्ण करून देण्यास मदत करतात. या कामाला दानाचे पैसे फारसे लागत नाहीत, पण तालुक्याला खेपा मात्र पुष्कळ होतात. परसातला ड्रम या योजनेत बसत नाही. तिथे तुमची मदत लागते.

२,४०० रुपये कसे झाले

आता त्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर. साहित्य आणि वाहतूक २,५२० रुपये. यावर आम्ही भेटींचा खर्च धरतो. पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी कार्यकर्ता घरी जातो, ड्रिपर उघडून दाखवतो, फिल्टर धुवायला शिकवतो. एका फेरीत पाच घरे होतात आणि पेट्रोल सुमारे १५० रुपयांचे लागते, म्हणजे घरटी ३० रुपये. सहा भेटींचे १८० रुपये. एकूण झाले २,७०० रुपये.

यातले ३०० रुपये कुटुंब स्वतः भरते, तीन-चार हप्त्यांत. त्याशिवाय ओटा बांधणे, काट्याचे कुंपण घालणे, वाफे करणे हे श्रम त्यांचेच. पहिल्या वेळी आम्ही सगळे फुकट दिले होते. यावेळी एका ताईंनी तिसरा हप्ता देताना विचारले, "सर, या नळीला उंदराने चावले तर दुकान कुठे आहे?" मला तो प्रश्न फार आवडला. जी वस्तू आपली असते तिच्याच दुरुस्तीची चौकशी माणूस करतो. उरलेले २,४०० रुपये आम्ही तुमच्याकडे मागितले.

दुसऱ्या वर्षापासून वर्षाला साधारण २०० रुपये दुरुस्तीचे धरावेत. थोडे ड्रिपर, खारी-उंदरांनी कुरतडलेली नळी, फिल्टरची जाळी. हे कुटुंबानेच करायचे, म्हणून ड्रिपर आणि टोपणांचे लहान पाकीट आता आमच्या पाड्यावरच्या एका किराणा दुकानात ठेवायला सांगितले आहे. तालुक्याला जायचे भाडे ड्रिपरपेक्षा कितीतरी जास्त होते.

काय झाले, काय झाले नाही

मोठे दावे करत नाही. ठिबकामुळे आमच्या भागातले स्थलांतर थांबलेले नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या गाड्या अजूनही भरतात. ५० झाडांच्या बागेवर कुटुंब जगत नाही, आणि तसे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण एक कुटुंब सांगतो. आईवडील ऊसतोडीला गेले, आजी आणि दोन नातवंडे घरी राहिली. हातपंप घराजवळ आहे. आठवीतला नातू संध्याकाळी दोन खेपा करतो, आजी उरलेल्या सावकाश करते. मी मार्चमध्ये गेलो तेव्हा चुलीवर वांग्याची भाजी होती. आजीने मला जेवू घातले आणि निघताना चार टोमॅटो पिशवीत टाकले. मी नको म्हणालो तर म्हणाली, "घे, विकत आणलेले नाहीत."

ज्या ११ घरांत पहिले ठिबक बंद पडले होते, त्यांतली ६ घरे पाण्याजवळची आहेत. तिथे फिल्टर आणि साधे ड्रिपर घालून पुन्हा चालू करत आहोत. नळ्या आहेतच, त्यामुळे घरटी खर्च थोडाच येतो. उरलेली ५ पाण्यापासून दूर आहेत. त्यांना मडकी दिली आहेत.

प्रार्थनेसाठी

– ज्या पाड्यांवर पाणी तासाभराच्या वाटेवर आहे, तिथे झऱ्यांची दुरुस्ती आणि विहिरींची कामे वेळेवर व्हावीत म्हणून.
– ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांसाठी, आणि घरी राहिलेल्या आजी-आजोबा व मुलांसाठी.
– आमच्या कार्यकर्त्यांसाठी. त्यांनी 'किती किट वाटली' याऐवजी 'किती चालू आहेत' हे मोजावे म्हणून. पुढच्या अंकापासून आम्ही तोच आकडा छापणार आहोत.

ज्यांना या कामात वाटा उचलायचा आहे त्यांनी आपल्या पाळकसाहेबांकडे किंवा आमच्या कार्यालयात 'परसबाग' असे नाव घालून देणगी द्यावी. संपूर्ण २,४०० देता आले नाहीत तरी चालेल. ३५० रुपयांत एका घराचा फिल्टर होतो, आणि आमच्या अनुभवावरून सांगतो, फिल्टर ही काही लहान देणगी नाही.

आणि तुमच्या घरामागे किंवा गच्चीवर जागा असेल, तर एक ड्रम आणि दोन ओळी स्वतः लावून पाहा. पावत्या ठेवा. पुढच्या वेळी भेटलो की हिशोब जुळवू.

प्रभूच्या सेवेत तुमचा,
परसबाग प्रकल्पाचा एक कार्यकर्ता